भोकं तीनच, पण त्यातून काढणार काय? गर्भाशयातल्या गाठी आणि ‘छोटे’ उपचार

गेल्या वर्षी पावसाळ्यात सांगलीहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. वय ४३, दोन मुलं, बँकेत नोकरी. दोनेक वर्षं तिच्या अंगावरून फार जात होतं. पाळीचे पहिले तीन दिवस ती काउंटरवर काळाच ड्रेस घालून बसायची आणि दर दीड तासाला उठायची. जिना चढताना धाप लागायला लागली, हिमोग्लोबिन ७.८ निघालं, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली आणि गर्भाशयात गाठी दिसल्या.

‘‘ताई, मोठं ऑपरेशन नाहीये गं. मिनिमली इन्वेझिव्ह आहे. तीनच भोकं पाडणार, तिसऱ्या दिवशी घरी.’’

‘‘आणि त्या भोकांतून काढणार काय?’’

‘‘पिशवी.’’

हे तिने दाढ काढायची असल्यासारखं सांगितलं. चूक तिची नव्हती. ‘मिनिमली इन्वेझिव्ह’ हा शब्द फक्त पोटावरच्या छेदाबद्दल बोलतो. आत काय कापलं, काय ठेवलं, याबद्दल तो गप्प असतो. तीन छोट्या छेदांमधून अख्खं गर्भाशय काढता येतं, आणि त्याच छेदांमधून नुसती गाठ काढून गर्भाशय शाबूतही ठेवता येतं. जाहिरातीत दोन्हींना एकच नाव. म्हणून या लेखात मी छेद मोजणार नाही. उपचारानंतर आत काय उरतं आणि त्रास किती जातो, तेवढंच पाहू.

गाठ म्हणजे काय, आणि ती कुठे बसली आहे

गर्भाशय म्हणजे जाड स्नायूंची एक पिशवी. फायब्रॉइड ही त्या स्नायूचीच गाठ. एका पेशीत बिघाड होतो, तिच्यापासून पेशी वाढत जातात आणि घट्ट, पांढरट, रबरी चेंडूसारखा गोळा तयार होतो. २०११ मध्ये फिनलंडच्या शास्त्रज्ञांना असं दिसलं, की दहातल्या साधारण सात गाठींमध्ये एमईडी१२ या एकाच जनुकात बदल झालेला असतो. म्हणजे गाठ होते ती पेशीतल्या चुकीने. मनात साठलेल्या रागाने, थंड पाण्याने किंवा बाळंतपणात नीट शेक न घेतल्याने नव्हे. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे रिपोर्ट आल्यावर दोन तासांत या तिन्ही कारणांवर चर्चा होऊन गेली होती.

गाठ वाढते ती इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकांवर. म्हणून पाळी गेल्यावर ती आपोआप आकसते. आणि ती किती सर्रास असते? अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, पन्नाशीपर्यंत जवळपास ७० टक्के गोऱ्या आणि ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गर्भाशयात गाठी सापडल्या. त्यांतल्या अनेकींना त्यांचा पत्ताही नव्हता. त्रास नसलेल्या गाठीला सहसा काहीच करावं लागत नाही, अधूनमधून सोनोग्राफी पुरते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ‘बल्की युटेरस’ असे दोन शब्द छापून आले, तर तो काही आजार नाही. पिशवी जराशी मोठी दिसते, इतकाच त्याचा अर्थ.

कॅन्सरचं काय? फायब्रॉइडचा कॅन्सर होणं ही जवळजवळ न घडणारी गोष्ट आहे. स्नायूचा कॅन्सर, म्हणजे सार्कोमा, हा बहुधा वेगळाच जन्मतो. मात्र तो दिसायला फायब्रॉइडसारखा असू शकतो, ही अडचण आहे. पाळी गेल्यानंतर गाठ वाढत असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर ‘गाठच आहे, राहू दे’ म्हणून सोडून देता येत नाही.

आता खरा मुद्दा. सगळेजण विचारतात, ‘गाठ केवढी?’ लिंबाएवढी, मोसंबीएवढी, नारळाएवढी. विचारायला हवं ते ‘कुठे?’ जुन्या वाड्याची जाड भिंत डोळ्यांसमोर आणा. एखादा फुगवटा भिंतीच्या आत, खोलीच्या बाजूला येतो. एखादा भिंतीच्या जाडीतच राहतो. एखादा बाहेर अंगणाच्या बाजूला येतो, तर एखादा बाहेरून देठाला लोंबतो. खोलीत घुसलेली गाठ म्हणजे सबम्यूकोसल, भिंतीतली इंट्राम्युरल, बाहेरची सबसिरोसल. रिपोर्टात कधी फिगो नावाने ० ते ८ असा आकडा असतो, तोही हीच जागा सांगतो. आकडा जितका लहान, तितकी गाठ खोलीच्या आत.

पाळीत जे अस्तर गळून पडतं, ते या खोलीच्या आतल्या बाजूला असतं. म्हणून आत घुसलेली दोन सेंटिमीटरची गाठ बाईला रक्ताने हैराण करू शकते, आणि बाहेरच्या बाजूची सात सेंटिमीटरची गाठ एक थेंबही जास्त जाऊ देत नाही. ती फार तर लघवीच्या पिशवीवर बसून दर तासाला उठवते. माझ्या बहिणीच्या तीन गाठी होत्या, सगळ्यात मोठी सहा सेंटिमीटरची, मागच्या भिंतीच्या जाडीत.

‘अंगावर जास्त जातं’ म्हणजे किती, याचाही अंदाज हवा. बायकांना वर्षानुवर्षं तेच नेहमीचं वाटू लागतं. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठोळ्या पडणं, रात्री उठून बदलावं लागणं, सात दिवसांवर पाळी लांबणं. यांतलं काही दर महिन्याला होत असेल तर ते जास्तच आहे, आईलाही असंच होत असलं तरी.

‘दुर्बीण’ आणि ‘बिनटाक्याचं’

मराठीत या उपचारांची जी नावं रुळली आहेत, त्यांनी गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढवला आहे, असं माझं मत आहे.

‘दुर्बिणीतून करणार’ म्हणजे नक्की काय? दुर्बिणी दोन आहेत. एक पोटाला छोटे छेद घेऊन आत जाते, ती लॅपरोस्कोपी. दुसरी योनिमार्गातून गर्भाशयाच्या तोंडावाटे थेट खोलीत जाते, ती हिस्टरोस्कोपी. हिच्यात बाहेर कुठेच छेद नाही. डॉक्टरांनी दुर्बीण म्हटलं, की ‘कुठून?’ हे विचारायलाच हवं. ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ ऐकलं की वाटतं, अगदी हलकं काहीतरी असणार. प्रत्यक्षात त्याचा अर्थ बहुतेक वेळा योनिमार्गातून गर्भाशय काढणं. टाके बाहेर दिसत नाहीत इतकंच. आणि रिक्षामागच्या फलकांवरचं ‘लेझरने गाठ गायब’? तिथे नेमकं कुठलं यंत्र, आणि गाठ गायब होणार की पिशवी, हे लेखी मागा.

खोलीत घुसलेल्या लहान गाठीसाठी हिस्टरोस्कोपी हा उपचार इतका सरळ आहे की त्यावर फार लिहायचं कारण नाही. आत पाणी सोडून खोली फुगवतात, विजेच्या बारीक तारेने गाठ किसून काढतात, बहुधा त्याच दिवशी घरी. आत सोडलेलं पाणी अंगात जास्त शोषलं जाऊ नये म्हणून त्याचा हिशेब ठेवतात, आणि गाठ मोठी असेल तर काम दोन टप्प्यांत करतात. तुमची गाठ या जागेवर असून कुणी थेट पिशवी काढायचं म्हणत असेल, तर दुसरं मत घ्या. यावर मला शंका नाही.

भिंतीतल्या आणि बाहेरच्या गाठींसाठी मायोमेक्टमी असते. गाठी सोलून काढायच्या, भिंत शिवायची, गर्भाशय ठेवायचं. हे काम लॅपरोस्कोपीने होतं, पण सोपं नाही. गाठ म्हणजे टरफलातल्या दाण्यासारखी सुटून येते खरी, पण मागे राहिलेला खड्डा आतून, दुर्बिणीतून बघत, थरावर थर शिवायला हात तयार लागतो. पुढे मूल हवं असेल तर ती शिवण बाळंतपणात टिकायला हवी. म्हणून अशा बाईचं पुढे सिझेरियन ठरवून करतात बऱ्याचदा.

आणखी एक अडचण. मोसंबीएवढी गाठ एक सेंटिमीटरच्या भोकातून बाहेर काढायची कशी? पूर्वी मोर्सेलेटर नावाच्या फिरत्या पात्याने पोटातच तिचे तुकडे करत. गाठ म्हणून समजलेला गोळा सार्कोमा निघाला, तर त्या पात्याने कॅन्सरचे कण पोटभर पसरतात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल इशारा दिला. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया झालेल्या साधारण ३५० बायकांमध्ये एकीला सार्कोमा निघतो, असा त्यांचा अंदाज होता. त्यानंतर तुकडे करायचे तर पोटात प्लॅस्टिकची बंद पिशवी घालून तिच्यातच करायचे, अशी पद्धत आली. ‘तुकडे बंद पिशवीत करणार ना?’ हा प्रश्न डॉक्टरांना आगाऊपणाचा वाटणार नाही. वाटला तरी विचारा.

नळ बंद करायची गोष्ट

लंडनमध्ये व्हिक्टर बॉनी नावाचे एक शल्यचिकित्सक होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फायब्रॉइडवर उपाय म्हणजे गर्भाशय काढणं, असाच रिवाज होता. त्यांच्या पत्नीचंही गर्भाशय रक्तस्रावामुळे काढावं लागलं आणि त्यांना मूल झालं नाही. बॉनींनी पुढची बरीच वर्षं गाठ काढून पिशवी वाचवण्याच्या शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. मोठी अडचण होती रक्ताची. गाठीला कापलं की धार लागायची. त्यांनी एक चिमटा तयार केला. तो गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या मुख्य रक्तवाहिन्यांवर लावायचा, गाठी काढायच्या, शिवायचं आणि चिमटा सोडायचा. म्हणजे टाकी साफ करताना वरचा नळ तेवढ्यापुरता बंद.

पुढचा धागा पॅरिसला. तिथल्या लारिब्वाझिएर रुग्णालयातले स्त्रीरोगतज्ज्ञ जाक राव्हिना शस्त्रक्रियेआधी हाच नळ आतून बंद करून बघत होते. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर रक्तवाहिनीत बारीक नळी घालून ती आतून बुजवायची युक्ती १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात होती. राव्हिनांनी ती फायब्रॉइडच्या बायकांवर वापरली, नंतरच्या शस्त्रक्रियेत रक्त कमी जावं एवढ्यासाठीच. पण झालं भलतंच. शस्त्रक्रियेची तारीख यायच्या आत काहीजणींचा रक्तस्राव थांबला. गाठी आकसायला लागल्या. त्या बायका म्हणाल्या, आता कशाला कापता? १९९५ मध्ये त्यांनी १६ बायकांचा अनुभव ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला, आणि तयारीचं पाऊलच मुख्य उपचार होऊन बसलं. याचं नाव युटेराइन आर्टरी एम्बोलायझेशन. नोव्हेंबर २००४ मध्ये कोंडोलिझा राइस यांनी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठ रुग्णालयात हा उपचार घेतला. त्याच आठवड्यात त्यांचं नाव अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्रिपदासाठी जाहीर झालं होतं. उपचाराचं नाव त्यामुळे तिकडे घराघरांत पोहोचलं. आपल्याकडे ते अजून पुरतं पोहोचलेलं नाही.

प्रत्यक्षात होतं काय? हृदयाची अँजिओग्राफी मनगटातून किंवा जांघेतून करतात, हे आता घरोघरी माहीत आहे. हे तसंच, फक्त नळीचा मुक्काम हृदयाऐवजी ओटीपोटात. मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीत सुईने शिरतात, सुईतून तार, तारेवरून नळी. (ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली. आज कॅथलॅबमध्ये जे काही चालतं, त्यातलं बहुतेक सगळं तिच्यावर उभं आहे.) पडद्यावर एक्स-रे बघत नळी आधी एका बाजूच्या, मग दुसऱ्या बाजूच्या गर्भाशय-धमनीत नेतात. नळी साधारण दीड मिलिमीटर जाडीची, आणि पुढे तिच्यातून आणखी बारीक नळी. मग सोडतात औषधी प्लॅस्टिकचे किंवा जिलेटिनचा मुलामा असलेले कण. आकार साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर, म्हणजे बारीक रव्याच्या दाण्याएवढे.

इथे कुणालाही प्रश्न पडेल, की कण गाठीतच कसे जातात? आणि दोन्ही धमन्या बंद केल्यावर गर्भाशय मरत कसं नाही? मलाही हेच पडले होते. उत्तर आमच्या ऊसपट्ट्यात वाढलेल्याला लगेच कळेल. पाटाच्या पाण्यात काडीकचरा टाकला तर तो कुठे जातो? ज्या वाफ्याकडे ओढ जास्त, तिकडे. गाठीभोवती जाड, हावऱ्या रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, ती रक्त ओढत असते. कण त्या ओढीबरोबर वाहत जाऊन जाळ्यात अडकतात. उरलेल्या गर्भाशयाला अंडाशयाच्या आणि योनीच्या बाजूनेही रक्त येतं, आडवाटा असतात. त्याला थोडी चणचण भासते आणि मग ते सावरतं. गाठीला तशा आडवाटा जवळजवळ नसतात. तिची उपासमार होते.

सगळं मिळून तास-दीड तासाचं काम. पूर्ण भूल लागत नाही, गुंगी देतात. पोटावर एकही टाका नाही. नंतर साधारण एक रात्र दवाखान्यात आणि आठवडा-दोन आठवड्यांत कामावर.

आता जे पत्रकात बारीक अक्षरात असतं, ते. पहिले बारा ते चोवीस तास दुखतं, आणि चांगलंच दुखतं. उपासमार झालेला स्नायू कळा देतो. माझी बहीण म्हणाली, ‘‘बाळंतपणाची आठवण झाली.’’ म्हणून दवाखाना निवडताना ‘दुखण्यासाठी काय देणार?’ हे आधी विचारायचं. शिरेतून औषध सोडणारा पंप आहे का, ओटीपोटाच्या मज्जातंतूंना बधिर करणारं इंजेक्शन देतात का? नंतर काही दिवस कणकण, मळमळ, थकवा. काहींना काही आठवडे अंगावरून पाणी जातं. खोलीच्या बाजूची गाठ सुटून खाली पडू शकते, पाहून घाबरायला होतं. जोरात ताप आणि घाण वासाचा स्राव असेल तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठायचा, कारण क्वचित जंतुसंसर्ग होतो आणि फारच क्वचित त्यापायी पिशवी काढावी लागते. एक्स-रेचं किरणोत्सर्जन असतं. थोडे कण अंडाशयाकडे भरकटू शकतात, आणि पंचेचाळिशीपुढच्या काहीजणींची पाळी त्यानंतर परत येत नाही. तरुण वयात हे क्वचित होतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाठी परत त्रास देऊ शकतात. ब्रिटनमध्ये १५७ बायकांवर झालेल्या रेस्ट नावाच्या चाचणीत, पाच वर्षांनंतर एम्बोलायझेशन घेतलेल्या आणि शस्त्रक्रिया घेतलेल्या बायकांचं समाधान सारखंच निघालं. पण एम्बोलायझेशनवाल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याला पुन्हा कसला ना कसला उपचार लागला होता. शस्त्रक्रियेच्या बाजूला हे प्रमाण चार टक्के. नेदरलँड्समधल्या एमी चाचणीत दहा वर्षांनी पाहिलं, तर दोन तृतीयांश बायकांची पिशवी वाचलेली होती. याच आकड्याकडे कुणी ‘तिघींत एकीचं फसलं’ म्हणून बघेल, कुणी ‘तिघींत दोघींचं वाचलं’ म्हणून. ४३ वर्षांच्या बाईचा हिशेब वेगळा असतो. तिला दहा नाही, पाळी जाईपर्यंतची सात-आठ वर्षंच काढायची असतात.

ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांच्यासाठी हा सहसा पहिला पर्याय धरत नाहीत. एम्बोलायझेशननंतर गरोदरपणं झालेली आहेत, पण तिथे मायोमेक्टमीचा अनुभव जास्त आहे. मूल नको असलं तरीही, २०२० मध्ये निकाल आलेल्या ब्रिटनच्या २५४ बायकांच्या फेमी चाचणीत दोन वर्षांनी दोन्ही बाजूंचं बरंच भलं झालेलं दिसलं, मायोमेक्टमीच्या बाजूचं थोडं जास्त. एम्बोलायझेशनचं इतकं कौतुक केल्यावर हे न सांगणं लबाडी होईल.

बाकीचे, थोडक्यात

भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणून कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. केंद्रित अल्ट्रासाउंड तेच करतं, पोटाच्या कातडीला धक्का न लावता. एमआरआयमध्ये बघत आवाजाच्या लहरी गाठीतल्या ठिपक्यावर आणतात आणि तो भाग भाजून मरतो. अमेरिकेत याला २००४ मध्ये मान्यता मिळाली, चीनमध्ये चोंगचिंगच्या यंत्रांवर हे काम फार झालं आहे, आपल्याकडे मोजक्या शहरांत यंत्र आहे. ऐकायला सगळ्यात सुंदर, पण गाठी फार असतील, मध्ये आतडं येत असेल किंवा गाठ रक्ताने भरलेली असेल तर जमत नाही. तास न् तास पालथं पडून राहावं लागतं ते वेगळंच. रेडिओफ्रिक्वेन्सीमध्ये अशीच उष्णता सुईतून देतात.

आणि औषधं. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, गर्भाशयात बसवायची संप्रेरकयुक्त कॉपर-टीसारखी वस्तू, गाठ तात्पुरती आकसवणारी इंजेक्शनं. गाठी खोलीचा आकार बिघडवत नसतील तर ती वस्तू एकटीच काम करते अनेकदा. इंजेक्शनं थांबवली की गाठ परत वाढते, आणि फार काळ घेतली तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून ती पूल म्हणून वापरायची, घर म्हणून नाही. लोह मात्र सगळ्यात आधी. हिमोग्लोबिन ७.८ घेऊन कुठल्याही उपचाराला घाईने जाऊ नये. माझ्या बहिणीला शिरेतून लोहाची सलाइन दिली, महिनाभरात ती दहाच्या वर गेली, आणि फोनवरचा तिचा आवाजच बदलला. निर्णय घ्यायची ताकद रक्तात असते, हे मला तेव्हा समजलं.

पिशवी काढायची घाई कुणाला असते

पिशवी काढणं वाईट नाही. गाठी मोठ्या आणि पुष्कळ, मुलं झालेली, बाकीचे उपाय थकलेले, किंवा अस्तरच स्नायूत घुसणारा अ‍ॅडिनोमायोसिस सोबत असेल, तर तो एकच उपचार असा आहे की ज्यानंतर गाठ परत येत नाही. अनेक बायका म्हणतात, सुटले. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण विचारायचं एवढंच, की अंडाशय ठेवणार ना? ते ठेवले तरी पाळी जाण्याची संप्रेरकांची स्थिती थोडी लवकर येऊ शकते, हेही माहीत असावं.

राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उघड झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. फडावर पाळीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी आणि मुकादमाचा दंड. न्हाणीघर नाही, पॅड नाही, अंगावरून पांढरं गेलं तरी ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती. तिथे ‘छोटा पर्याय’ सुचवायला कुणी बसलेलं नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, की देशातल्या अशा शस्त्रक्रियांपैकी साधारण दोन तृतीयांश खाजगी रुग्णालयांत होतात, आणि कारण म्हणून बायका सर्वाधिक वेळा पाळीतला जास्त रक्तस्राव किंवा दुखणं सांगतात. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत अमलात आणायला राज्यांना सांगितलं.

शहरातल्या पगारदार बाईची गोष्ट वेगळी असते, पण फार वेगळी नसते. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या हातात शस्त्रक्रिया असते, एम्बोलायझेशन इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टच्या, म्हणजे एक्स-रेवर बघत नळीतून उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या हातात. ते दोघे एकाच इमारतीत असले तरी एकाने दुसऱ्याकडे चिठ्ठी दिलीच पाहिजे असं कुठे आहे? यात कुणी बदमाश असतो असं मी म्हणत नाही. ज्याला जे येतं, त्याला तेच आठवतं. पेशंटने स्वतः नाव काढलं तर मात्र बहुतेक डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात, की तुम्हाला चालेल किंवा चालणार नाही, आणि का.

माझ्या बहिणीने नाव काढलं. डॉक्टरीणबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘एमआरआय करून बघू.’’ एमआरआयमध्ये गाठींची नेमकी जागा दिसते, रक्तपुरवठा दिसतो, अ‍ॅडिनोमायोसिस आहे का ते कळतं, संशयास्पद गाठ असेल तर तिचाही सुगावा लागतो. हिच्या तिन्ही गाठी भिंतीत, रक्ताने भरलेल्या, अ‍ॅडिनोमायोसिस नाही, मूल नको. म्हणजे एम्बोलायझेशनला अगदी योग्य. गाठ बाहेरून बारीक देठाला लोंबती असती, तर डॉक्टर दुसऱ्याच दिशेने गेले असते. दिवाळीनंतर पुण्यात झालं. विमा कंपनीला कागद तीनदा पाठवावे लागले, कारण ‘ऑपरेशन नाही तर मग हे काय’ हे त्यांना समजत नव्हतं. तुम्हीही आधीच मंजुरी घेऊन ठेवा.

सहा महिन्यांनी तपासणी झाली आणि तिचा रडवेला फोन आला. ‘‘ताई, सहाची फक्त ४.८ झाली गं. एवढं सगळं करून एवढंच?’’

मी कागद घेतला. गाठ गोल असते, आणि गोळ्याचा आकार रुंदीच्या घनावर जातो. ४.८ ला ६ ने भागलं की ०.८. त्याचा घन ०.५१. म्हणजे सहा सेंटिमीटरच्या गाठीतला निम्मा माल गेला होता. सहा महिन्यांत साधारण एवढंच अपेक्षित असतं. सोनोग्राफीची पट्टी रुंदी मोजते, म्हणून कागदावर ते एवढंसं दिसतं. शिवाय उरलेली गाठ मेलेली असते, व्रणासारखी पडून राहते.

‘‘ते गणित राहू दे,’’ मी म्हटलं. ‘‘या महिन्यात पॅड किती लागले?’’

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘‘अगं, पाकीट उरलंय.’’